सुटींतली विज्ञानशाळा

भिवंडी शहरांत उन्हाळा लागला म्हणजे शाळांचीं दारें बंद होतात. यंत्रमागांचा खडखडाट मात्र बंद होत नाहीं. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला विद्यार्थी या दिवसांत कोठें आढळतो, तें पाहावें. कोणी आजोळीं गेलेला असतो, कोणी गोदामांत गांठींचा हिशेब लिहावयास बसलेला असतो, तर कोणी वडिलांच्या शेजारीं उभा राहून कांड्या भरूं लागलेला असतो. परीक्षा संपल्यापासून अकरावीच्या पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत दोन-तीन महिने सहज निघून जातात. या काळास सुटी म्हणावयाचें; परंतु विज्ञान शिकूं इच्छिणाऱ्या मुलाच्या आयुष्यांत याहून नाजूक काळ क्वचितच असेल. शाळेंतलें विज्ञान एका तीरावर राहतें, महाविद्यालयांतलें दुसऱ्या तीरावर उभें असतें, आणि मध्यें कशेळीच्या खाडीसारखें पाणी असतें. खाडीवर पूल आहे. या दुसऱ्या पाण्यावर पूल बांधण्याचे उद्योग कोणीं, केव्हां व कसे केले, त्याचा हा वृत्तांत आहे.

हें अंतर आजकालचें नव्हे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. मॅट्रिक ही प्रवेशपरीक्षा होती. विद्यार्थ्यास दारांतून आंत घ्यावें कीं नाहीं एवढेंच ती ठरवी. आंत गेल्यावर तो टिकतो कीं गळतो, याची काळजी तिनें वाहावी अशी कोणाची अपेक्षाहि नव्हती. विद्यापीठाच्याहि आधीं नऊ वर्षें, १८४८ सालीं, एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थी व तरुण अध्यापक यांनीं एक साहित्य-शास्त्र मंडळी स्थापिली. दादाभाई नौरोजी हे त्यांतलेच. तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नांवानें प्रसिद्ध झाल्या, आणि इंग्रजींत शिकलेलें शास्त्र आपल्या भाषेंत सांगावयाचें, निबंध वाचावयाचे, त्यांवर चर्चा करावयाची, असा त्यांचा क्रम होता. ज्याला शास्त्र समजलें त्यानेंच तें मातृभाषेंत समजावून द्यावें, हा विचार तेथें प्रथम व्यवहारांत आला. दुर्दैवानें तो विचार सभांच्या दिवाणखान्यांत राहिला. शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या मधल्या रिकाम्या जागेंत तो उतरला नाहीं.

ती रिकामी जागा भरण्याची युक्ति पुढें परदेशांत निघाली, आणि तिचें मूळ अगदीं साध्या व्यवहारांत आहे. उन्हाळ्यांत महाविद्यालयांचीं वसतिगृहें ओस पडतात, प्रयोगशाळांतील उपकरणांवर धूळ बसते आणि प्राध्यापक मोकळे असतात. त्याच वेळीं शाळेंतलीं मुलेंहि मोकळीं असतात. तेव्हां मुलांना उचलून वसतिगृहांत आणावें, चार-सहा आठवडे तेथेंच जेवूं-झोपूं द्यावें आणि प्रयोगशाळेचें कुलूप त्यांच्यासाठीं उघडावें. अमेरिकेंत अर्नोल्ड रॉस या गणितज्ञानें १९५७ सालीं नोत्र दाम विद्यापीठांत शालेय विद्यार्थ्यांसाठीं उन्हाळी गणितवर्ग सुरू केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला आणि अमेरिकन सरकारची झोंप उडाली. १९५९ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान माध्यमिक शाळांतील हुशार मुलांच्या उन्हाळी वर्गांस पैसा देऊं लागलें. रशियनांनींहि तोच मार्ग धरला. सैबेरियांत नोवोसिबिर्स्कजवळील विज्ञाननगरींत १९६२ सालीं उन्हाळी शाळा भरली आणि पुढील वर्षीं तेथें कायमची निवासी भौतिकी-गणित शाळा उभी राहिली. दोन वैरी एकमेकांचें पाहून एकच गोष्ट करीत होते, ही इतिहासांतली एक गंमतच म्हणावयाची.

परंतु अमेरिकेंत १९६५ सालीं आणखी एक योजना निघाली, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें ती अधिक मोलाची आहे. तिचें नांव अपवर्ड बाउंड. दारिद्र्यनिवारणाच्या कायद्याखालीं ती सुरू झाली. तिनें हुशारांतले हुशार वेंचले नाहींत. ज्यांच्या घरांत कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेलें नाहीं, ज्यांना घरची गरिबी शाळेंतूनच मागें ओढते, अशा मुलांना उन्हाळ्यांत विद्यापीठाच्या आवारांत राहावयास आणून महाविद्यालयासाठीं तयार करावयाचें, हें तिचें काम. पुढें १९९० च्या सुमारास तिची केवळ गणित-विज्ञानाची एक स्वतंत्र शाखाहि निघाली. म्हणजे सुटींतल्या विज्ञानशाळेचे आरंभापासूनच दोन पंथ झाले. जो पुढें आहे त्याला आणखी पुढें न्यावयाचें, हा एक. आणि जो पुढें येऊं शकला असता परंतु अडला आहे, त्याची अडचण दूर करावयाची, हा दुसरा. वरून दोन्ही सारखेच दिसतात. तेंच वसतिगृह, तीच प्रयोगशाळा, तींच सकाळ-संध्याकाळचीं व्याख्यानें. आंत मात्र पुष्कळ भेद आहे, आणि हिंदुस्थानांत या दोहोंपैकीं कोणता पंथ केव्हां चालला, हें पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडे पहिला मान बंगालकडे जातो. जगदीशचंद्र बसूंच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९५८ सालीं, कलकत्त्यास त्यांच्या नांवानें विज्ञानप्रज्ञेचा शोध घेणारी योजना निघाली. मुंबईजवळ तुर्भ्यास डॉ. होमी भाभा यांनीं १९५७ सालींच अणुशक्तीच्या कामासाठीं प्रशिक्षणशाळा उघडली होती. तींत पदवीधरांना वर्षभर शिकवून तयार करीत, म्हणजे ती शाळकरी मुलांसाठीं नव्हती. तरी परीक्षेंतील गुणांपलीकडे जाऊन माणूस हेरावा आणि एकत्र ठेवून घडवावा, ही रीत त्या शाळेनें मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें ठेविली.

शाळकरी मुलांसाठीं मोठी योजना आली ती दिल्लीहून. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेनें १९६३ सालीं विज्ञानप्रज्ञा शोध योजना आरंभिली. पहिल्या वर्षीं ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या अवघ्या १० होत्या. १९६४ सालीं ती सर्व राज्यांस लागू झाली आणि शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. अकरावीच्या विद्यार्थ्यानें विज्ञानाच्या कलाची चांचणी द्यावयाची, एका शास्त्रीय विषयावर निबंध लिहावयाचा, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा वृत्तांत सादर करावयाचा आणि शेवटीं मुलाखतीस जावयाचें, अशी चौपदरी कसोटी होती. जो उतरेल त्याला मूलभूत विज्ञानाच्या शिक्षणासाठीं थेट डॉक्टरेटपर्यंत मदत मिळे. शिवाय या शिष्यवृत्तिधारकांसाठीं विद्यापीठांतून उन्हाळी शाळा भरत. निरनिराळ्या प्रांतांतून आलेलीं मुलें तेथें कांहीं आठवडे एकत्र राहत.

योजना चांगली होती, यांत शंका नाहीं. परंतु ‘स्वतः केलेला प्रकल्प’ या तीन शब्दांकडे नीट पाहिलें पाहिजे. ज्या शाळेंत प्रयोगशाळा आहे, जेथें शिक्षकाला तास संपल्यावर थांबण्याची सवड आहे, आणि ज्याच्या घरीं एक कोपरा तारांसाठीं व बाटल्यांसाठीं मोकळा मिळतो, त्या मुलाचा प्रकल्प होतो. एका खोलींत सहा माणसें राहतात तेथें प्रकल्प कोठें मांडावयाचा? तेव्हां या चाळणींतून शहाणीं मुलें वर आलीं खरीं. पण चाळणीखालीं जें पडलें त्यांत निव्वळ कोंडाच होता असें कोणीं म्हणूं नये. १९७६ सालीं योजनेचें रूप बदललें. विज्ञानाबरोबर समाजशास्त्रें, वैद्यक व अभियांत्रिकी हीहि तींत आलीं, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या आणि प्रकल्प जाऊन त्याच्या जागीं वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका आली. १९८३ सालीं शिष्यवृत्त्या ७५० झाल्या; त्यांपैकीं ७० अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. दुसऱ्या पंथाची जाणीव एवढ्यापुरती का होईना, झाली होती.

त्या जाणिवेचें खरें शास्त्र मात्र मुंबईंत घडलें, आणि तें घडविणारे लोक शिक्षणखात्यांतले नसून पदार्थविज्ञानाचे संशोधक होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील प्रा. भा. मा. उदगांवकर, प्रा. वि. गो. कुलकर्णी आदि मंडळींच्या पुढाकारानें १९७४ सालीं होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र स्थापन झालें. सर दोराबजी टाटा ट्रस्टनें पैसा दिला. जागा मिळाली ती नाना चौकांतील एका महापालिका-शाळेंतल्या खोल्यांची. ही जागा योगायोगानें मिळाली असेल. परंतु ती फार उपकारक ठरली. ज्या मुलांचा विचार करावयाचा तीं मुलें त्याच जिन्यानें वर-खालीं करीत होतीं. कुलाब्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील संस्थेंत बसून तीं दिसलीं नसतीं.

केंद्राचें पहिलें मोठें क्षेत्रकार्य झालें जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसरांत, खेड्यांतल्या शाळांतून. शिक्षकांना हाताशीं धरून, गांवांत मिळेल त्या वस्तूंनीं प्रयोग करून विज्ञान शिकवावयाचें, असा तो उपक्रम होता. त्यानंतर मुंबईच्या महापालिका-शाळांतील मुलांकडे लक्ष वळलें. दलित व गरीब वस्त्यांतील आठवी ते दहावीच्या मुलांना चांचणीनें निवडून आठवड्याच्या शेवटीं व सुट्यांत केंद्रांत आणावयाचें आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना मार्गदर्शन करावयाचें, असा हा उद्योग १९८० नंतरच्या पांच वर्षांत झाला. प्रा. कुलकर्णी व डॉ. सुधाकर आगरकर यांनीं त्याचा वृत्तांत १९८५ सालीं प्रसिद्ध केला. हीं मुलें रात्रीं आपापल्या घरीं जात, म्हणून हें निवासी शिबिर नव्हे. परंतु सुटीचा उपयोग कोणासाठीं करावयाचा, या प्रश्नाचें उत्तर या प्रयोगानें जितकें स्पष्ट दिलें तितकें दुसऱ्या कोणत्याहि शिबिरानें दिलें नाहीं.

तें उत्तर असें. मुलांना विज्ञान समजत नाहीं, बुद्धि कमी आहे, असा जो सार्वत्रिक समज होता तो खोटा ठरला. हातांत वस्तु दिली तर मूल प्रयोग नीट करतें, काय होईल याचा अंदाजहि बरोबर बांधतें. अडतें तें पाठ्यपुस्तकाच्या वाक्यापाशीं. पुस्तकाची मराठी ही त्याच्या घरची मराठी नव्हे. लांबलचक मिश्र वाक्यें, कर्मणि प्रयोग, संस्कृत जोडशब्द यांच्या जंगलांत त्याची वाट चुकते. कुलकर्णी व गंभीर यांनीं पुस्तकांतील मजकूर तोच ठेवून भाषा सोपी केली, आणि शिकविलें. तेव्हां त्याच मुलांची समज वाढलेली आढळून आली. गणिताच्या शिक्षकास हें ऐकून नवल वाटेल. परंतु उदाहरण चुकणाऱ्या विद्यार्थ्यास एकदां तें उदाहरण मोठ्यानें वाचावयास सांगावें, म्हणजे पुष्कळदां बेरीज-वजाबाकीपूर्वींच खरा दोष कानीं पडतो.

या निष्कर्षाचा भिवंडीशीं संबंध फार निकटचा आहे. या शहरांत मराठी बोलणारे आगरी-कुणबी आहेत, उत्तरेंतून आलेले उर्दू बोलणारे मोमीन विणकर आहेत आणि तेलंगणांतून आलेले तेलुगु बोलणारे पद्मशाली आहेत. एकाच गल्लींत एकाच मागाच्या आवाजांत वाढलेलीं दोन मुलें घ्या. मराठी शाळेंतील मूल ‘घनता’ शिकतें, उर्दू शाळेंतील मूल ‘कसाफत’ शिकतें. एक ‘प्रकाशसंश्लेषण’ पाठ करतें, दुसरें ‘जियाई तालीफ’. दोघेंहि पुढें अकरावीच्या विज्ञानवर्गांत एका बांकावर बसतात आणि दोघांपुढेंहि तोच इंग्रजी ‘डेन्सिटी’ व ‘फोटोसिंथेसिस’ येऊन उभा राहतो. पहिल्या महिन्यांत दोघेंहि गप्प असतात. मास्तर समजतात, पाया कच्चा आहे. पाया कच्चा नसतो. पायावरील पाटी बदललेली असते.

आणि पायाविषयीं बोलावयाचें तर मागावर वाढलेल्या मुलाइतका पक्का पाया किती जणांचा असेल? फिरत्या चाकाच्या गतीचें सरळ पुढें-मागें होणाऱ्या गतींत रूपांतर कसें होतें, हें त्यानें हातरहाटीनें पाहिलेलें असतें. धोटा एका बाजूनें फेंकला कीं दुसऱ्या बाजूस त्याला थांबवावें लागतें, नाहीं तर तो उसळून बाहेर पडतो. हें जडत्वाचें प्रकरण त्याला पुस्तकाआधीं कळलेलें असतें. पट्टा सैल पडला तर माग मंदावतो, म्हणजे घर्षण कोठें उपकारक असतें तें त्याला ठाऊक असतें. ताण्याचा ताण वाढला कीं धागा तुटतो, दमट हवेंत सूत कमी तुटतें, या गोष्टी तो कारागिराच्या भाषेंत सांगूं शकतो. त्या भाषेपासून पुस्तकाच्या भाषेपर्यंत आणि तेथून इंग्रजीपर्यंत त्याला नेणारा कोणी हवा असतो. महिना-दीड महिन्याची सुटी त्यास पुरेशी आहे.

विज्ञानशिक्षण केंद्र १९९२ सालीं नाना चौकांतून मानखुर्दास स्वतःच्या वास्तूंत गेलें, आणि तेथें निवासी उन्हाळी शिबिरें भरूं लागलीं. मात्र हीं शिबिरें पहिल्या पंथाचीं आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड म्हणून शालेय मुलांच्या ज्या स्पर्धा जगांत चालतात, त्यांतील गणिताची १९५९ सालीं रुमानियांत सुरू झाली. भारताचा संघ तींत १९८९ पासून उतरला. भौतिकींत भारत १९९८ सालीं, रसायनांत १९९९ सालीं आणि जीवशास्त्रांत २००० सालीं गेला. तीन पायऱ्यांच्या निवडींतून देशभरांतील हजारों मुलांतून विषयवार कांहीं डझन मुलें उरतात, आणि तीं एप्रिल ते जूनच्या दरम्यान मानखुर्दास राहावयास येतात. शेवटीं गणिताचे ६, भौतिकीचे ५, रसायन व जीवशास्त्राचे प्रत्येकीं ४ विद्यार्थी निवडले जातात. गणिताची जागतिक स्पर्धा १९९६ सालीं मुंबईंतच भरली, रसायनाची २००१ सालीं, जीवशास्त्राची २००८ सालीं आणि भौतिकीची २०१५ सालीं.

या शिबिरांची खरी किंमत पदकांत नाहीं. शाळेंत प्रयोग म्हणजे पुस्तकांत छापलेलें उत्तर पुन्हां काढून दाखविणें. येथें प्रत्येकापुढें स्वतंत्र टेबल असतें, त्यावर अपरिचित उपकरणें मांडलेलीं असतात आणि उत्तर ठाऊक नसतें. मोजमाप किती वेळां घ्यावयाचें, कोणता आंकडा टाकून द्यावयाचा, चूक किती मानावयाची, हें विद्यार्थ्यानेंच ठरवावें लागतें. जागतिक भौतिकी स्पर्धेंत प्रयोगासाठीं पांच तास दिलेले असतात; शाळेच्या तासिकेची सवय झालेल्या मुलाला पांच तास एका प्रश्नाशीं बसणें हेंच मोठें शिक्षण आहे. रात्रीं वसतिगृहांत केरळचा मुलगा आणि राजस्थानची मुलगी एकाच प्रश्नावर वाद घालतात. आपल्या गांवांत ज्याला ‘पुस्तकी किडा’ म्हणत, त्याला येथें पहिल्यांदा आपल्यासारखीं माणसें भेटतात. हा लाभ कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत मोजतां येत नाहीं.

देशभरांतून मुलें येतात म्हणून तेथील व्यवहार साहजिकच मुख्यतः इंग्रजींत चालतो. केंद्राच्याच जुन्या संशोधनानें जी भिंत दाखवून दिली, ती भिंत या दारापुढें पुन्हां उभी आहे. यांत कोणाचा दोष काढावयाचा नाहीं. जागतिक स्पर्धेसाठीं पांच मुलें निवडावयाचीं तर तीं तयार असलेल्यांतूनच निवडावीं लागतात. परंतु इतरत्रहि तेंच झालें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर योजना २००८ सालीं निघाली. तींत अकरावीच्या विज्ञानविद्यार्थ्यांसाठीं पांच दिवसांचीं शिबिरें ठेविलीं गेलीं. प्रवेश मात्र शालान्त परीक्षेंतील वरच्या शेंकडा एक विद्यार्थ्यांस. पुण्याच्या आयुकांत डॉ. जयंत नारळीकरांच्या प्रेरणेनें आठवी-नववीच्या मुलांसाठीं सुटींतील उपक्रम चालू झाला. एक आठवडा शास्त्रज्ञाच्या सान्निध्यांत घालवावयाचा, ही कल्पना मोठी मनोहर. पण रोज घरून यावयाचें असल्यामुळें ती पुण्याच्या मुलांपुरती राहिली.

महाराष्ट्रांत दुसऱ्या पंथाचें जें काम झालें तें शिबिरांतून होण्यापेक्षां शाळेच्या वेळापत्रकांतून झालें. मराठी शाळांत गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविण्याची सेमी-इंग्रजी पद्धति गेल्या कांहीं दशकांत सर्वत्र पसरली. तिच्यामुळें अकरावींत लागणारी ठेंच आठवींत अथवा त्याहूनहि आधीं लागूं लागली. ठेंच लवकर लागली तर सावरावयास वेळ मिळतो, असें तिचे पुरस्कर्ते म्हणतात. त्यांत तथ्य आहे. मात्र मागाची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांमधला जो पहिला टप्पा, तो तिनें अजीबात गाळून टाकला.

भिवंडीहून मानखुर्दास जावयाचें झालें तर कशेळीचा पूल ओलांडून ठाणें गांठावें लागतें. तेथून वाशीस जाऊन पुन्हां लोकल बदलावी लागते. सकाळीं निघालेला मुलगा दहाच्या सुमारास पोंचतो. महाविद्यालयें आतां भिवंडींतहि आहेत; त्यांत भौतिकीच्या, रसायनाच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांत वजनकांटे, भिंगें, लोलक, विद्युन्मापकें सर्व आहे. एप्रिलच्या परीक्षा संपल्या कीं त्यांचीं कपाटें बंद होतात आणि किल्ल्या प्रयोगशाळा-सहायकाच्या जुडग्यांत जूनपर्यंत तशाच राहतात.